घरी वायफाय नाही? तरीही टॅबवरून प्रिंट निघतो



३१ जुलैला मासेमारी बंदी संपते. १ ऑगस्टला बोट सुटायच्या आत बोटीचं रजिस्ट्रेशन, परवाना, विमा आणि खलाशांच्या आधारच्या प्रती फाईलला लागायला हव्यात. समुद्रात तटरक्षक दलाने किंवा किनारी पोलिसांनी बोट थांबवली आणि नेमका तेव्हा फोन भिजलेला किंवा चार्ज संपलेला असला, तर कागदच कामाला येतो.

बऱ्याच घरांत मुलांच्या अभ्यासाचा टॅब आहे, काहींकडे प्रिंटरही आहे. पण "घरी वायफाय नाही, प्रिंट कसा निघणार?" असं विचारणारे सभासद खूप आहेत. म्हणून आजचा हा धडा.

आधी एक गोष्ट समजून घ्या. वायफाय आणि इंटरनेट एकच नव्हे. प्रिंट काढायला इंटरनेट लागत नाही, टॅब आणि प्रिंटर एकमेकांशी जोडलेले असले की पुरे. वायरलेसवर बोटीवरून बोटीला बोलतो, त्याला मोबाईलचा टॉवर लागतो का? तसंच हे.

पद्धत १ : वायफाय डायरेक्ट
प्रिंटरवर वायफायचं चिन्ह असेल तर बहुतेक मॉडेलमध्ये ही सोय असते. प्रिंटर स्वतःचंच छोटं नेटवर्क सोडतो.
– आधी मोबाईल डेटा चालू असताना लागणारे पीडीएफ टॅबमध्ये डाउनलोड करून ठेवा. प्ले स्टोअरवरून प्रिंटर कंपनीचं ॲप किंवा 'मोप्रिया प्रिंट सर्व्हिस' घ्या.
– प्रिंटरवर वायफाय डायरेक्ट चालू करा. पासवर्ड प्रिंटरच्या स्क्रीनवर दिसतो. स्क्रीन नसेल तर नेटवर्कच्या माहितीचं पान छापून घ्या, त्यात असतो. कुठलं बटण दाबायचं ते प्रिंटरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.
– टॅबच्या वायफाय यादीत प्रिंटरचं नाव येईल, बहुधा 'डायरेक्ट' या इंग्रजी शब्दाने सुरू होणारं. ते निवडून पासवर्ड टाका.
– "इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का?" असं टॅब विचारेल. घाबरू नका, 'हो' म्हणा.
– पीडीएफ उघडून मेनूत 'प्रिंट' दाबा, प्रिंटर निवडा.
काम झाल्यावर हे नेटवर्क तोडा. नाहीतर "व्हॉट्सॲप येत नाही" म्हणून तासभर शोधत बसाल. आयपॅडवर वेगळं ॲप लागत नाही, पण प्रिंटर एअरप्रिंटचा हवा.

पद्धत २ : दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट
घरातल्या एका फोनचा हॉटस्पॉट चालू करून प्रिंटर आणि टॅब दोन्ही त्यालाच जोडा. हॉटस्पॉटचा बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवा, पुष्कळ प्रिंटरना ५ चा बँड दिसतच नाही. हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड बदलू नका, म्हणजे पुढच्या वेळी प्रिंटर आपोआप जोडला जाईल. अशा प्रिंटला नेटचा पॅक खर्च होत नाही.

पद्धत ३ : केबल
प्रिंटरला वायफायच नसेल तर टॅबला ओटीजी जोडणी लावून प्रिंटरची यूएसबी केबल जोडता येते. पण सगळे प्रिंटर टॅबवर असे चालत नाहीत. नवी केबल विकत घेण्याआधी कंपनीच्या ॲपमध्ये तुमचं मॉडेल चालतं का ते पाहा.

आधारबद्दल सावध
घाई झाली की आपण तांडेल-खलाशांचे आधार सायबरवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. प्रिंट हातात येतो, पण फाईल त्याच्या फोनमध्येच राहते. घरी प्रिंट काढायचं खरं कारण हेच आहे. बाहेर काढावाच लागला तर पेनड्राईव्हवर न्या, समोर प्रिंट घ्या आणि तिथल्या कॉम्प्युटरवर फाईल उतरवली असेल तर ती पुसायला लावा.
ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो : इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचं वर्ष. फाईल आधी पासवर्ड टाकून उघडा, मगच प्रिंट द्या.

आणि पाणी
घरच्या इंकजेटची शाई, त्यातही रंगीत, ओली झाली की पसरते आणि नंबर वाचता येत नाही. लेझर प्रिंट पाण्याला जास्त टिकतो. कुठलाही असो, प्लास्टिकच्या बंद पाकिटात घालून केबिनमध्ये उंचावर ठेवा. एक संच बोटीवर, एक घरी.

शेवटच्या दिवशी गर्दी करू नका, आत्ताच एक प्रिंट काढून बघा. अडलं तर टॅब, चार्जर आणि प्रिंटरचा मॉडेल नंबर घेऊन संस्थेच्या कार्यालयात या, बसून जोडून देऊ. प्रिंटर उचलून आणायची गरज नाही, नंबराचा फोटो पुरे.

– सचिव