घरावर सोलर बसवताय? आधी मीटर बघा, मग पॅनल घ्या



मागच्या आठवड्यात एक सभासद दादा कार्यालयात आले. बाजारातून पॅनल आणले, गावातल्या वायरमनला हाताशी धरून स्वतःच छतावर बसवले, बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडला. लाईट छान चालू आहे. दादांनी विचारलं, "आता ते ७८ हजारांचं अनुदान कुठं मागायचं?"

उत्तर ऐकून त्यांचा चेहरा उतरला. ते अनुदान आता त्या पॅनलवर मिळत नाही. कामात खोट नव्हती, पण अर्जाच्या आधी खरेदी झाली होती. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून आजचा मेसेज जरा मोठा आहे. निवांत वाचा.

*मुख्य गोष्ट:* पॅनल कोणत्या मीटरवर चालणार, ते आधी ठरवा. घर, शेत आणि धंदा या तिन्हींची सवलत वेगवेगळी आहे. एकाची सवलत दुसऱ्याला लागत नाही.

*१) घराचं मीटर: इथं अनुदान आहे, आयकरात सूट नाही*

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. केंद्राचं अनुदान असं:

▪ १ किलोवॅट: ३०,००० रुपये
▪ २ किलोवॅट: ६०,००० रुपये
▪ ३ किलोवॅट किंवा जास्त: ७८,००० रुपये (याच्यावर वाढ नाही)

आपल्याकडच्या उन्हात १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट वीज धरा. बिलावरचे युनिट बघा आणि तेवढ्याच क्षमतेचं घ्या.

महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी राज्याची 'स्मार्ट' योजना आहे. तिच्यात जादा अनुदान मिळतं. महावितरणच्या शाखा कार्यालयात चौकशी करा.

अनुदानासाठी या पाच गोष्टी पाहिजेतच:

✅ आधी पीएम सूर्यघर पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज, मग काम.
✅ काम योजनेत नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडूनच. पाच वर्षांची देखभाल त्याच्याच गळ्यात असते, करारात ते लिहून घ्या.
✅ पॅनल 'डीसीआर' पाहिजे. म्हणजे पॅनल भारतात बनलेलं आणि आतले सेलसुद्धा भारतात बनलेले. बाजारातलं स्वस्त पॅनल बऱ्याचदा इथंच अडकतं.
✅ महावितरणची तपासणी आणि नेट मीटर. त्यानंतरच पैसे बँक खात्यात येतात.
✅ अर्जदार, मीटर आणि बँक खातं यांची नावं जुळली पाहिजेत. बऱ्याच घरांत मीटर अजून वारलेल्या वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर आहे. ते नाव आधी बदलून घ्या.

*मग स्वतः बसवलेलं चालतच नाही का?* बॅटरीवर, ग्रीडपासून वेगळं ठेवून घरापुरतं वापरायला चालतं. अनुदान मात्र सोडावं लागतं. महावितरणच्या मंजुरीशिवाय ग्रीडला जोडू नका. लाईन बंद आहे असं समजून लाईनमन खांबावर चढतो आणि तुमच्या छतावरून उलटा करंट जातो. त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो. अर्थिंग आणि वीज पडण्यापासून बचावाची तारही सोडू नका. वळवाच्या पावसात आपल्या भागात विजा किती पडतात, ते सांगायला नको.

*आणि आयकर?* मोबाईलवर "सोलरवर ३० टक्के टॅक्स क्रेडिट" असे व्हिडिओ फिरतात. तो अमेरिकेचा कायदा आहे. तिथंही घरमालकांची ती सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. आपल्याकडं राहत्या घराच्या सोलरवर आयकरात वजावट नाही.

*२) शेताचं मीटर: इथं पंपाची योजना आहे*

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. कर नाही, तर वजावट कशातून घेणार? इथला फायदा 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी आणि त्याच्या पुढं साडेसात एचपीपर्यंत पंप मिळतो.

*३) धंद्याचं मीटर: इथं घसारा आहे*

पिठाची गिरणी, डाळ मिल, दुकान, दुधाचा किंवा कोंबड्यांचा धंदा. दूध आणि कोंबड्या आयकरात शेती धरत नाहीत, धंदा धरतात. इथं सूर्यघरचं अनुदान नाही. पण सोलरच्या किमतीवर वर्षाला ४० टक्के घसारा नफ्यातून वजा करता येतो. नोंदणीकृत विक्रेत्याची अट या घसाऱ्याला नाही. सामान आणून स्वतः बसवलं तरी पक्की बिलं असली की खर्च धरता येतो.

उदाहरण: समजा गिरणीवर ४,००,००० रुपयांचं सोलर बसवलं.

▪ पहिल्या वर्षी वजावट १,६०,०००
▪ दुसऱ्या वर्षी उरलेल्या २,४०,००० वर ९६,०००
▪ तिसऱ्या वर्षी ५७,६००

सोलर त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं, तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा, म्हणजे ८०,०००. म्हणून सप्टेंबरअखेर चालू होईल असं बघा.

*घाई करण्याआधी हे चार बघा:*

⚠️ १,६०,००० ही वजावट आहे, हातात येणारे पैसे नाहीत. २० टक्के कर लागत असेल तर वाचतात ३२,००० (सेस सोडून). नव्या कर पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. त्यामुळं बऱ्याच सभासदांना घसाऱ्याचा काहीच फायदा नाही. तिथं फक्त वीजबिलाची बचत मोजा.

⚠️ उलाढालीवर ८ किंवा ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरत असाल, तर घसारा त्यातच धरलेला असतो. वेगळा मागता येत नाही.

⚠️ एका विक्रेत्याला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम घसाऱ्यासाठी किमतीत धरत नाहीत. चेक, आरटीजीएस किंवा यूपीआयनेच द्या.

⚠️ २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कोटेशन जुन्या दराचं नाही ना, बघा. जीएसटी नोंदणी असेल आणि त्या कराचं क्रेडिट घेतलं, तर तेवढ्या रकमेवर घसारा मिळत नाही. दोन्हीपैकी एकच घ्या.

घराच्या मीटरवर अनुदान घेऊन तीच वायर गिरणीला ओढायची, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वीजदराचा वर्ग वेगळा असतो. तपासणीत सापडलं तर दंड बसतो.

*आता काय करायचं?* ताजं वीजबिल काढा. त्यावर नाव कुणाचं, वर्ग कोणता (घरगुती, कृषी की व्यावसायिक) आणि वर्षभरात युनिट किती, या तीन गोष्टी कागदावर लिहा. बिल आणि तो कागद घेऊन कंपनीच्या कार्यालयात या. अर्ज कसा भरायचा ते बसून बघू. धंद्याचं असेल तर विवरणपत्र भरणाऱ्या सीएंना हा मेसेज दाखवा. "अनुदान मंजूर झालं, आधी फी भरा" असा फोन आला तर ओटीपी देऊ नका, पैसे पाठवू नका.

शेजारी कुणी पॅनल आणायला निघाले असतील, तर त्यांना आजच हा मेसेज पाठवा. एकदा बिल फाडलं की अनुदानाची वाट बंद होते.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी