‘काही होत नाही, काका’

आधीच सांगतो, शेअर बाजार मला नवा नाही. जबलपूरजवळच्या कुंडमच्या बाजारात माझं किराणा दुकान आहे, आयटीसीचे शेअर वडिलांपासून घरात आहेत आणि ज्या मालाच्या करावरून हे सगळं रामायण घडलं, तो माल मी रोज गल्ल्यावर बसून विकतो. तेव्हा ‘या वयात नसते उद्योग’ वगैरे जे काही जबलपूरच्या नातेवाइकांत बोललं जातंय, ते त्यांनी स्वतःजवळच ठेवावं.

१ डिसेंबर २०२५ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत दोन विधेयकं मांडली. एक पान मसाल्यावरच्या उपकराचं आणि दुसरं केंद्रीय उत्पादन शुल्क दुरुस्तीचं. सिगारेट दुसऱ्यात होती. हजार काड्यांमागे तोवर २०० ते ७३५ रुपये शुल्क होतं, ते विधेयकाच्या तक्त्यात २,७०० ते ११,००० झालं. ४ डिसेंबरला राज्यसभेनंही ते मंजूर केलं. हे आकडे पेपरातून कापून मी समोर ठेवले आणि आमच्या ‘सल्लागारा’ला फोन लावला. जबलपूरच्या एका ब्रोकर कार्यालयातला मुलगा. मराठी, ओळखीतला, गणेशोत्सवात आरतीला शेजारी उभा राहणारा. म्हटलं, निम्मे शेअर विकायचे आहेत, गोदामावर स्लॅब टाकायचा आहे.

“काही होत नाही, काका. ते बिल पान मसाल्याचं आहे.”

मी कात्रण वाचून दाखवलं. त्यावर दुसरी सबब तयार होती. जीएसटीचा सेस जाणार, त्याच्या जागी हे शुल्क येणार, हिशेब शून्य. सरकारही संसदेत ‘हा जादा कर नाही’ असंच म्हणत होतं, त्यामुळे त्याचं चांगलंच फावलं. डिसेंबरच्या मध्यापासून मात्र एजन्सीचा माणूस माल मोजूनमापून द्यायला लागला. एरवी ‘अख्खा खोका घ्या’ म्हणून डोकं खाणारा, आता दोन पाकिटं जास्त मागितली तरी वहीत डोकं घालायचा. भाव वाढणार असल्याची याहून मोठी खूण दुकानदाराला लागत नाही. तेही मी सांगितलं. उत्तर आलं, “काका, बाजार कुंडममध्ये ठरत नाही.” हे वाक्य मी विसरणार नाही.

३१ डिसेंबरच्या रात्री अधिसूचना निघाली. १ फेब्रुवारी २०२६पासून लागू, हजार काड्यांवर २,०५० ते ८,५०० रुपये. १ जानेवारीला आयटीसीचा शेअर एका दिवसात जवळजवळ १० टक्के पडला, गॉडफ्रे फिलिप्स तर सुमारे १७. दुकान नोकरावर सोपवून मी फोन लावत बसलो. साहेब ‘दुसऱ्या कॉलवर’. दुपारी एक मेसेज आला: ‘लाँग टर्मसाठी उत्तम संधी, ॲव्हरेज करा.’ म्हणजे ज्याने विकू दिलं नाही, तोच आता आणखी घ्या म्हणत होता. संध्याकाळी अखेर फोन उचलला, तेव्हा म्हणाला, “मी कुठे नको म्हणालो? निर्णय तुमचा होता.” रेकॉर्डिंग मागितलं, तर कार्यालयाने सांगितलं की फक्त ऑर्डरचे कॉल जपतो. मुलगा डिसेंबरभर जे बोलला ते सगळं फोनवर. लेखी काय, तर तो एक ‘ॲव्हरेज करा’. विक्रीचे पैसे खात्यातून बाहेर जाणार होते, हेच त्याला टोचत होतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

आता ज्यांच्याकडे साबण, बिस्किट, दारू, तंबाखू, काहीही विकणाऱ्या कंपनीचे शेअर आहेत, त्यांच्यासाठी.

विधेयकाचं नाव नीट वाचा. एकाच दिवशी दोन आली, की बातम्यांत खिचडी होते आणि सल्लागारही ती खिचडी वाढतात. संसदेच्या संकेतस्थळावर मूळ मजकूर फुकट मिळतो. भाषणं सोडा, शेवटचा तक्ता बघा.

तक्त्यातला दर ही कमाल मर्यादा असते. प्रत्यक्ष दर आणि तारीख अधिसूचनेत येते. शेअर बहुतेक वेळा तेव्हा हलतो. मंजुरीनंतर महिनाभर शांतता होती, म्हणून संकट टळलं असं समजू नका. २०१७ सालीही १७ जुलैच्या संध्याकाळी जीएसटी परिषदेने सिगारेटवरचा सेस वाढवला आणि दुसऱ्या दिवशी आयटीसी १२ टक्क्यांहून जास्त कोसळला होता.

‘हिशेब शून्य’ म्हणणाऱ्याला कागदावर हिशेब मांडायला लावा. ७० ते ७५ मिलिमीटरच्या फिल्टर सिगारेटवर हजारी ३,६६८ रुपये आणि वर ५ टक्के, असा जुना सेस होता. नवं शुल्क ५,४०० झालं आणि जीएसटी २८ वरून ४० टक्के. यात शून्य कुठे आहे? त्याच तारखेपासून विडीवरचा जीएसटी मात्र २८ वरून १८ वर आला. आमच्या तेंदूपत्त्याच्या मुलखात गिऱ्हाईक सिगारेटवरून विडीवर यायला वेळ लावत नाही. खप कुठे जाईल, हाही हिशेबाचाच भाग आहे.

उलट बाजूही सांगतो. प्रत्येक मसुद्याचा कायदा होत नाही. २०२०च्या अखेरीस तंबाखू कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा आला होता. सुटी सिगारेट बंद, वय १८ वरून २१. आम्ही दुकानदार धास्तावलो, पण तो पुढे सरकलाच नाही. म्हणून मसुदा, मांडणी, मंजुरी, अधिसूचना यांतली कोणती पायरी चालू आहे ते पाहा.

सगळे पैसे एकाच कंपनीत ठेवू नका, घाबरून विकू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी वेगळं सांगतो: ज्या पैशाला काम ठरलेलं आहे, तो अधिसूचनेच्या तोंडावर बाजारात ठेवू नका. सल्ला देणारा सेबीकडे नोंदणीकृत आहे का ते विचारा. ब्रोकरकडचा प्रत्येक गोड बोलणारा मुलगा सल्लागार नसतो. फोन झाला, की लगेच त्याला मेसेज टाका: ‘तुम्ही आज विकू नका म्हणालात, बरोबर?’ तो उत्तर देणार नाही, पण तुमच्याकडे तारीख राहील. तक्रार आधी ब्रोकरकडे लेखी करा, मग सेबीच्या ‘स्कोअर्स’वर टाका. माझी टाकून झाली आहे. आणि विकायची ऑर्डर शक्यतो स्वतःच्या हाताने टाका, ओळखीच्या पोराच्या ‘काही होत नाही’ची वाट पाहू नका. नुकसान झालं तर त्याचा पगार कापला जात नाही.