मिक्सर साडेतीन हजारांचा, तक्रार कितीची?

गौरी-गणपतीच्या तोंडावर जुन्या मिक्सरने मान टाकली, म्हणून नवा ऑनलाइन मागवला. किंमत ३,४९९ रुपये. पार्सल वेळेत आलं, पण घरात रंगकाम चाललं होतं. खोकं उघडलं ते नवव्या दिवशी. ओलं खोबरं घातलं, बटण फिरवलं. आधी नुसती घरघर, मग जळका वास आणि झाकणाखालून धुराची रेघ. ॲप उघडून बघते तर ‘रिटर्न’चं बटणच नाही. परतीचे सात दिवस संपले होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, “जाऊ दे गं, साडेतीन हजारांसाठी कोर्टकचेऱ्या कुठे करतेस!”

काकूंचं म्हणणं हिशेबाचं आहे, तेव्हा उत्तरही हिशेबानेच द्यायला हवं. तक्रारीच्या कोणत्या पायरीवर किती पैसे आणि किती वेळ जातो, ते बघू.

सात दिवस कोणाचे?

परतीची सात किंवा दहा दिवसांची मुदत हे विक्रेत्याचं धोरण असतं. ग्राहकाचा हक्क तिथे संपत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल, तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. सांगितलेल्या तारखेनंतर उशिरा आलेल्या मालालाही हेच लागू आहे, अपवाद फक्त अस्मानी-सुलतानी संकटाचा. ग्राहक आयोगात दाद मागायला तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. मात्र ‘रंग आवडला नाही’ हा दोष नव्हे. तिथे विक्रेत्याचं धोरणच चालतं.

पहिला तास : खर्च शून्य

या तासात फक्त पुरावा गोळा करायचा. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ असेल तर उत्तम. त्यात पत्त्याचं लेबल दिसायला हवं. माझ्याकडे तो नव्हता. मग मी बिघाडाचा व्हिडिओ केला, तळाच्या सीरियल नंबरचा फोटो काढला, ॲपमधून बिल उतरवून घेतलं आणि वस्तूच्या विक्री-पानाचे स्क्रीनशॉट ठेवले. ही पानं मागाहून बदलतात. खोकं आणि थर्माकोल रद्दीत देऊ नका. परत न्यायला आलेला मुलगा ‘मूळ पॅकिंग नाही’ म्हणून रिकाम्या हाताने जाऊ शकतो.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला वस्तू उघडू देऊ नका. वॉरंटीही जाते आणि पुरावाही. वस्तू कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि जॉबशीटवर बिघाड लिहून घ्या. माझ्या जॉबशीटवर पेनने चार शब्द होते : ‘मोटर जळाली, उत्पादन दोष’. पुढचं सगळं त्या चार शब्दांवर चाललं.

कंपनीकडे तक्रार : खर्च शून्य, मुदत एक महिना

चॅटवरच्या ‘असुविधेबद्दल क्षमस्व’मध्ये आठवडे घालवू नका. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. ईमेल करा : ऑर्डर क्रमांक, डिलिव्हरीची तारीख, दोष काय, आणि हवंय काय, बदली वस्तू की पैसे. फोनवर बोलणं झालं तरी त्यातला मजकूर ईमेलने कळवा. तोंडी आश्वासनाला पोच नसते.

कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, ॲपमधूनच घ्या. खोटे नंबर देऊन बसलेले लोक ‘रिफंडसाठी’ ओटीपी मागतात. रिफंड यायला ओटीपी किंवा यूपीआय पिन लागत नाही. फसलातच, तर ताबडतोब १९३० ला फोन करा.

पैसे कार्डाने भरले असतील, तर बँकेकडे चार्जबॅकचा अर्जही लगेच करून ठेवा. त्याची मुदत मर्यादित असते.

१९१५ : खर्च शून्य

कंपनी हलली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं. तिथे मिळालेला डॉकेट क्रमांक जपून ठेवा. हेल्पलाइनला हुकूम द्यायचा अधिकार नाही. ती कंपनीकडे पाठपुरावा करते. तरी पुष्कळ कंपन्या इथे नरमतात, कारण पुढची पायरी आयोगाची आहे हे त्यांना माहीत असतं.

ग्राहक आयोग : फी किती?

ज्याला आपण अजून ‘ग्राहक मंच’ म्हणतो, तो म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. इथे ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. फी ठरते ती वस्तूसाठी मोजलेल्या रकमेवर, मागितलेल्या भरपाईवर नव्हे.

- ५ लाखांपर्यंत : शून्य
- ५ ते १० लाख : २०० रुपये
- १० ते २० लाख : ४०० रुपये
- २० ते ५० लाख : १,००० रुपये

म्हणजे मिक्सर, मोबाइल, फ्रिज, सोफा, घरातल्या जवळपास कोणत्याही वस्तूला फी नाही. विक्रेता गुरुग्रामचा असो की बंगळुरूचा, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील लागत नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते आणि दूरचित्र सुनावणीची सोयही आहे. विरुद्ध पक्ष म्हणून संकेतस्थळाबरोबर बिलावरच्या विक्रेत्याचं नाव घाला; दोष उत्पादनातला असेल तर उत्पादकाचंही. तिघं एकमेकांकडे बोट दाखवणार हे धरूनच चाला.

फी शून्य असली तरी खर्च शून्य नाही. झेरॉक्स, प्रतिज्ञापत्राची नोटरी, नोटिशीचं स्पीड पोस्ट मिळून काही शे रुपये जातात. वस्तू प्रयोगशाळेत तपासायची ठरली तर ती फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. म्हणून तर जॉबशीटचं मोल. सगळ्यात महाग पडतो तो वेळ. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने आहे, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा लांबतात. तेव्हा मागणी लिहिताना वस्तूची किंमत, त्यावरचं व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च अशी चारही कलमं वेगवेगळी घाला. न मागितलेलं मिळेल या भरवशावर राहू नका.

कुठवर चढायचं?

तीनशेच्या चादरीसाठी १९१५ वर थांबलात तरी चालेल. दोन-तीन हजारांच्या पुढे, कागद हातात असतील, तर आयोगाची पायरी चढायला हरकत नाही. पण वकील करायचा विचार असेल तर आधी त्याची फी विचारा. लहान रकमेत ती वस्तूच्या किमतीपेक्षा जड होते. दुकानात विकायला आणलेल्या मालासाठी ही वाट नाही; मात्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेलं शिलाई मशीन चालतं.

माझ्या बाबतीत तक्रार निवारण अधिकाऱ्याचं ‘मुदत संपली’ असं उत्तर सहाव्या दिवशी आलं. १९१५ वर तक्रार नोंदवली, जॉबशीटचा फोटो जोडला. आणखी अडीच आठवड्यांनी ३,४९९ रुपये खात्यात आले. खर्च : सर्व्हिस सेंटरला जाऊन-येऊन रिक्षाचे १४० रुपये आणि ईमेल लिहिण्यात गेलेली एक संध्याकाळ. तोवर अनंत चतुर्दशी उलटून गेली होती. मोदकांचं खोबरं त्या वर्षी काकूंच्याच मिक्सरमध्ये वाटलं. परवा त्यांच्याकडे ऑनलाइन मागवलेली इस्त्री आली, तेव्हा खोकं फोडायच्या आधी त्यांनी मला हाक मारली : “ये गं, मोबाइल घेऊन ये. व्हिडिओ काढ.”