बिट्टीचे झाड : परिसर अभ्यासाचा एक पाठ



आपल्या पंढरपूर भागात शाळेच्या कुंपणाशी किंवा महादेवाच्या देवळाजवळ बिट्टीचे झाड हमखास आढळते. त्यास पाणी थोडे लागते, शेळ्या तोंड लावीत नाहीत आणि पूजेस पिवळी फुले मिळतात. मुले मात्र त्याच्या बिया खेळावयास घेतात. म्हणून हा पाठ अगत्याने घ्यावा.

ओळख : झाड दहा ते वीस फूट उंच वाढते. पाने अरुंद व लांब, फुले नरसाळ्यासारखी, फळ हिरवे व त्रिकोणी असून पिकल्यावर काळे पडते. आत कठीण कवचाची बी असते. फांदी मोडल्यास पांढरा चीक येतो.

नावाचा घोटाळा : बिट्टीला पिवळी कण्हेर म्हणतात, परंतु आयुर्वेदातील करवीर म्हणजे ती नव्हे. करवीर ही आपली तांबडी-पांढरी कण्हेर. तिची पाने बहुधा तीन-तीन एकत्र येतात व फळे शेंगेसारखी लांब असतात. चरकसंहितेत तिची गणना कुष्ठघ्न द्रव्यांत आहे. पुढील ग्रंथांनी तिला उपविष मानून शोधनानंतरच योजण्यास सांगितले. बिट्टी मूळची अमेरिका खंडातील. तेथे तिची साल तापावर देत असत. नाव सारखे म्हणून एकीचा उपाय दुसरीवर लागू करणे घातक होय.

औषध आणि विष : दोन्ही झाडांचे सर्व भाग विषारी आहेत. त्यांतील द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. उकळल्याने वा वाळविल्याने ती नष्ट होत नाहीत. डिजिटॅलिस या वनस्पतीचा हृदयविकारावरील उपयोग विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली इंग्लंडात प्रसिद्ध केला. तिची द्रव्येही याच जातीची. औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत येथे अंतर फार थोडे असते. यास्तव ‘औषधी’ हा शब्द शिकविताना ‘कोणी, किती व कसे द्यावे’ हेही शिकवावे. औषधी म्हणजे चाखून पाहण्याजोगी, असा समज मुलांत राहू नये.

अध्यापन : फांदी शिक्षकांनीच धरावी. मुलांनी दुरून पाहून पान, फूल व फळ यांचे चित्र काढावे. नंतर शिक्षकांनी हात धुवावेत. गळलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत. वाळक्या फांद्या चुलीत घालू नयेत.

प्रसंग ओढवल्यास : मुलाने बी खाल्ल्यास तोंडातील अवशेष काढून चूळ भरावयास लावावी. ओकारी काढू नये, घरगुती उतारा देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि फळाचा नमुना सोबत न्यावा. लक्षणे उशिरा दिसतात. मूल बरे दिसले तरी रुग्णालयात न्यावेच.

स्वाध्याय : आपल्या गावातील पाच औषधी झाडे व प्रत्येकाविषयीची एक खबरदारी वहीत लिहा.