पाचट जाळू नका

मंडळी, गुऱ्हाळ आपण सर्वांनी पाहिले आहे. उसाचा रस निघाला, की चोयट्या उरतात. त्या उन्हात वाळवून चुलाणात घालतात. काहिलीखालचा जाळ त्यांच्यावरच चालतो. वाडे गुरांपुढे पडते. रसावरची मळी खतात जाते. चुलाणातली राख रानात जाते. आपल्या वाडवडिलांनी उसाचे काही वाया दवडले नाही.

मग एक पाचटच आपण का जाळतो?

कारण आपल्याला घाई असते. ऊस तुटला, की खोडव्याला पाणी द्यायचे. पाचट पायात येते, सरीत पाणी अडते. एक काडी ओढली, की रान मोकळे! आम्हीही असेच करत आलो.

पण जळते काय, त्याचा हिशेब करू. एका एकरात ३ ते ४ टन पाचट निघते. ४ टन पाचटात सुमारे २० किलो नत्र असते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यातही जवळजवळ तेवढेच असते. पाचट पेटवले, की हे नत्र धुरावाटे जाते. म्हणजे एक पोते आपण आपल्या हाताने जाळतो आणि दुसरे दुकानातून विकत आणतो! वर मातीतली गांडुळे मरतात. वारा फिरला, तर शेजाऱ्याचा उभा ऊसही पेटतो.

मग करावे काय? बुडख्यांवरचे पाचट बाजूला ओढून सरीत पसरावे. बुडखे जमिनीलगत छाटावेत. एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू त्यावर टाकावेत. जिवाणूंनाही नत्र लागते, म्हणून हा युरिया. मग पाणी द्यावे. पाणी पहिल्यांदा सावकाश पुढे सरकते. धीर धरावा. पाचट भिजले, की खाली बसते.

पाचटाखाली ऊन पोचत नाही. ओल टिकते, तण कमी उगवते. काही महिन्यांत त्याचे खत होते.

भरवसा वाटत नाही? मग यंदा चारच सऱ्यांत करून पाहा. चैत्रात पाचट हाताने वर उचला. खालची माती मुठीत धरा. मग शेजारच्या उघड्या सरीतली धरा. कोणती ओली, ते हातच सांगेल.

आता सांगा:
१. गुऱ्हाळात चोयट्या कशाला वापरतात?
२. पाचट जाळल्याने कोणते नुकसान होते?
३. तुमच्या रानातले आणखी काय वाया जाते?