टँकर नव्हे, हंडा तपास

पोरी, शिरोळ तालुक्यात नेमणूक मिळाली म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा पूर तुला चुकणार नाही. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा इथल्या माणसांनी शाळांत मुक्काम केला.

छावणी उघडली की सगळे पाण्याच्या बाटल्या वाटायला धावतात. तू आधी संडास बघ. सोय नसली की बायका पाणीच प्यायच्या थांबतात आणि चक्कर येईपर्यंत कुणाला सांगत नाहीत. सुरुवातीला ५० माणसांमागे एक तरी हवा, मग २० मागे एक. बायकांचे वेगळे, रात्री दिवा, विहिरीपासून ३० मीटर लांब. आतून कडी बसल्याशिवाय संडास सुरू झाला म्हणू नकोस. पाणी माणशी रोज १५ लिटर धर, अंघोळ-धुणं त्यातच.

पूर ओसरला की विहीर आधी उपसून घे. स्वच्छ विहिरीला हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पुरतं. पुराच्या विहिरीला तेवढ्यावर भागत नाही, ओटी टेस्टने पाण्यात क्लोरीन उरतंय का ते बघत वाढव. पावडर तशीच विहिरीत फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालव, मग पाणी वाढवून ढवळ आणि दहा-पंधरा मिनिटं ठेव. खाली चुना बसतो. वरची निवळ तेवढी दुसऱ्या बादलीत घेऊन दोरीने पाण्याखाली सोड, वरखाली हलव. त्यानंतर तासभर कुणाला शेंदू देऊ नकोस. ओल लागून वास उडालेली पावडर साठ्यात कितीही दिसो, ती कामाची नाही.

टँकरच्या तोटीला टेस्ट करून वही भरू नकोस. पाणी खराब होतं ते पुढे, हंड्यात, बुडवलेल्या तांब्याने. म्हणून आजीच्या हंड्यातलं पाणी नळीत घे, ओटीचे थेंब टाक, क्लोरीनचा पिवळा रंग तिलाही दाखव. रंग आला नाही तर तिच्यावर डाफरू नकोस, बिचारीचं घर पाण्यात आहे. तिला लांब दांड्याचं ओगराळं दे आणि साबण दे.

जुलाब लागले तर जलसंजीवनी. पुडी नसेल तर लिटरभर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. रोज सकाळी खोलीखोलीत विचारत जा. दोन कुटुंबांत जुलाब दिसले की त्याच दिवशी डॉक्टरांना कळव, आकडा वाढायची वाट बघू नकोस.