समाजमंदिराची किल्ली कुणाकडे?

आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षी मी थीसिससाठी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं एक गाव घेतलं. किल्लारीच्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. विषय होता गावाच्या सामायिक इमारती: एक सभागृह, अंगणवाडी आणि बचत गटांसाठी कामाची जागा. तिन्ही कमी सिमेंटच्या, कमी विजेच्या, जवळच्या मालाच्या. ज्यूरी पार पडली, पदवी मिळाली आणि पुढे त्यातलं सभागृह, बरंच कापून-छाटून का होईना, खरोखर बांधलं गेलं. कॉलेजातली ज्युनिअर मंडळी आता विचारत येतात, "सस्टेनेबल काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांना जे सांगते ते इथे एकत्र केलंय. क्रमाला फार अर्थ नाही, पहिला मुद्दा सोडून.

१. आधी जुन्या इमारतीचं कुलूप उघडायला लावा

तुम्ही ज्या गावासाठी सभागृह काढताय, त्या गावात बहुतेक वेळा एक समाजमंदिर असतंच. कुणाच्या तरी निधीतून बांधलेलं, दर्शनी भिंतीवर निधी देणाऱ्याचं नाव रंगवलेलं, आणि दाराला कुलूप. आमच्या गावातल्या समाजमंदिराची किल्ली एका माजी सदस्यांच्या घरी होती. दार उघडलं तेव्हा आत सोयाबीनची पोती थप्पीला लावलेली होती, दोन फवारणीचे पंप होते, सप्ताहाच्या पंगतीची पातेली होती आणि एका कोपऱ्यात निवडणुकीच्या वेळचे पुठ्ठ्याचे आडोसे. इमारत भक्कम होती. स्लॅब गळत नव्हता. फक्त एकच दार, दोन लहान खिडक्या, आणि मे महिन्यात आत पाच मिनिटंही बसवत नाही असा उकाडा.

आता इथे नवी 'शाश्वत' इमारत काढायची म्हणजे काय? जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भट्टीच्या इंधनातून नव्हे तर चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटणाऱ्या वायूचा असतो. त्या समाजमंदिराच्या स्लॅबपुरता तो वायू केव्हाच हवेत गेला. असलेला स्लॅब वापरात आणणं हे कुठल्याही मातीच्या भिंतीपेक्षा जास्त काम करतं. म्हणून माझ्या आराखड्यात जुनी खोली कोठार आणि स्वयंपाकघर झाली आणि नवं सभागृह तिला टेकून उभं राहिलं. ज्यूरीत एका परीक्षकांना हे 'धाडसी' वाटलं नाही. वाटू नये, ते धाडसाचं काम नव्हतंच.

किल्ली कुणाकडे राहणार, कोण झाडणार, लाइट बिल कोण भरणार, ही उत्तरं नकाशावर लिहिता येत नसली तरी नकाशा त्यांच्यावरच ठरतो. आमच्याकडे बचत गटाच्या बायका म्हणाल्या की ओसरी उघडीच ठेवा, तिला दारच नको. ओसरीला दार नसेल तर तिची किल्लीही कुणाच्या घरी जात नाही. मग सभागृहाची निम्मी जागा ओसरीला दिली.

२. मातीचं कौतुक करण्याआधी गावाला माती काय वाटते ते ऐका

यावर जरा जास्त बोलते, कारण माझा सगळा प्रकल्प इथे वळला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले असताना, तो भूकंप झाला. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसं मेली ती घरांखाली. दोन-तीन फूट रुंद दगडी भिंती, मातीत रचलेल्या; वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि गळलं की दर पावसाळ्याआधी वर आणखी माती. त्या भिंतींची खोड रुंदीत लपलेली होती. आतली कड आणि बाहेरची कड वेगवेगळी रचलेली, मध्ये बारीक दगडांचा भराव आणि दोन्ही कडांना बांधून ठेवणारा लांब दगड क्वचितच. धक्का बसला की बाहेरची कड बाहेर, आतली आत, आणि वरची सगळी माती माणसांवर.

अशा गावात जाऊन 'मड आर्किटेक्चर' म्हणायला जीभ रेटली पाहिजे. पहिल्याच बैठकीत एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "आमी मातीखालून निघालाव, ताई. मातीचं नको." त्यांच्याशी वाद घालण्याजोगं माझ्याकडे काही नव्हतं, आणि घालायचाही नव्हता.

पण दगड आणि माती दोषी नसून बांधणी दोषी होती, हेही खरं आहे. भारतीय मानक ब्युरोची दोन मानकं १९९३ सालचीच आहेत: १३८२७ मातीच्या इमारतींसाठी आणि १३८२८ कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी. दुसऱ्यातला नियम एखाद्या गवंड्याने सांगावा इतका सोपा आहे. दगडी भिंत साडेचारशे मिलिमीटरपेक्षा जाड नको. उंचीत दर सहाशे मिलिमीटरला, आणि आडवं जास्तीत जास्त १.२ मीटरच्या आत, भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक आरपार दगड हवा. शिवाय जोत्याला, लिंटेलला आणि छपराखाली सलग पट्टा. मी शाळेच्या आवारात गुडघाभर उंचीचे दोन तुकडे रचून घेतले, एक आरपार दगडांचा आणि एक त्यांच्याविना. पहारीने ढोसल्यावर दुसरा मधोमध फाटला. पहिला हलला पण उभा राहिला. मुलांनीच ढोसून पाहिला, त्यामुळे घरोघरी वर्णन पोचलं.

तरीही गावाने पूर्ण दगडी भिंत घेतली नाही. शेवटी ठरलं ते असं: खिडकीच्या तळापर्यंत दगड, वर वीट, आणि डोक्यावर हलकं पत्र्याचं छप्पर. मावशींचं समाधान भिंतीने झालं नाही, छपराने झालं. "वर वजन नाही ना?" एवढंच त्यांना हवं होतं.

३. नावाजलेल्या प्रकल्पांचा फोटो बघू नका, वेळापत्रक बघा

बुर्किना फासोमधल्या आपल्या गांडो गावाची शाळा फ्रान्सिस केरे यांनी बर्लिनमध्ये विद्यार्थी असतानाच बांधली. २००१ मध्ये ती पूर्ण झाली, आणि २०२२ मध्ये त्यांना प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. बांगलादेशातल्या रुद्रपूरची मेटी शाळा हा ॲना हेरिंगर यांचा ऑस्ट्रियातल्या लिंत्सच्या विद्यापीठातला पदवीचा प्रकल्प. खाली माती-पेंढ्याच्या जाड भिंती, वर बांबूचा मजला. त्या शाळेला २००७ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. थीसिसच्या प्रत्येक बॅचमध्ये या दोन्हींचे फोटो असतात. फोटोत दिसत नाही ती तयारी: केरे यांनी शाळेच्या काही वर्षं आधी पैसे उभे करायला संस्था काढली होती, आणि हेरिंगर यांची त्या गावाशी ओळख विद्यार्थिनी होण्याच्या आधीपासूनची होती.

उलट टोकाला इजिप्तच्या हसन फथींचं न्यू गुर्ना. १९४० च्या दशकात लक्सरजवळ मातीच्या विटांचं हे गाव उभं राहिलं. वास्तू म्हणून ते आजही अभ्यासतात, पण ज्यांच्यासाठी बांधलं त्यातले बहुतेक तिथे राहायला गेलेच नाहीत. त्यांचं पोट जुन्या गावाखालच्या थडग्यांवर चालत होतं.

केरेंकडून मी एकच गोष्ट उचलली. त्यांच्या शाळेत भोकं ठेवलेलं विटांचं आतलं छत वेगळं आहे, आणि पत्रा त्याच्यापासून वर उचलून बारीक सळयांच्या कैचीवर ठेवलाय. तापलेली हवा मधल्या पोकळीतून निघून जाते. लातूरच्या बेचाळीस अंशांत पत्रा नको असं सगळे म्हणतात, आणि नुसता पत्रा खरंच नको. पण खाली दुसरा थर आणि मध्ये हात जाईल एवढी वाट ठेवली तर चालतो. आमच्याकडे खालचा थर बांबूच्या तट्ट्यांचा केला.

४. लॉरी बेकरची जाळी केरळात शोभते

केरळात काम केलेले वास्तुविशारद बेकर म्हणजे आम्हा सगळ्यांचे गुरुजी. उभ्या विटांची पोकळ भिंत त्यांनी रुजवली. तिला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. नऊ इंची भिंतीत जवळजवळ पाव भाग विटा वाचतात आणि पोकळीमुळे ऊन आत यायला वेळ लागतो. कोपऱ्यातल्या पोकळीत सळई घालून काँक्रीट भरलं की भूकंपासाठीही उपयोग होतो. हे सगळं आम्ही घेतलं. त्यांची विटांची जाळी मात्र घेतली नाही. तिरुवनंतपुरमच्या दमट हवेत दिवसभर वारा खेळायला हवा असतो. मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी बाहेरचा वारा आत येऊ द्यायचा नसतो, तो रात्री हवा असतो. वावटळीची धूळ वेगळीच. जुन्या वाड्यांच्या खिडक्या लहान आणि वर झरोके का, हे तिथे एक दुपार काढली की कळतं. मग जाळीच्या जागी उंचावर लाकडी झडपा आल्या, दोरी ओढून उघडायच्या.

५. बांधकामाच्या पाण्याचा हिशेब मांडा

शीटवर सगळे पावसाचं पाणी साठवण्याचे बाण काढतात. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं छप्पर दीडशे चौरस मीटरचं आणि पाऊस साधारण साडेसातशे मिलिमीटर धरला. वीस टक्के वाया गेला तरी नव्वद हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या नऊ खेपा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या जिल्ह्यात हे पाणी थोडं नाही.

पण बांधताना जे पाणी जातं त्याचा बाण कुणीच काढत नाही. खेड्यात बांधकामाचा हंगाम मार्च ते मे, आणि टँकरचा हंगामही तोच. उष्ण-कोरड्या हवेत काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी मारावं असं काँक्रीटचं मानक आयएस ४५६ सांगतं. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी कोंडलं तर पाच हजार लिटर एका वेळेला जातात, शिवाय उन्हाने उडेल तेवढं रोज पुन्हा. ज्या गावात बायका घागरी घेऊन रांगेत आहेत तिथे हे डोळ्यांवर येतं. आम्ही स्लॅब टाळला, पण त्यामागे कार्बनपेक्षा हे कारण मोठं होतं. जोतं आणि दगडकाम दिवाळीनंतर लगेच उरकलं, विहिरींना पाणी असताना. निधीची फाइल मात्र फेब्रुवारीतच जागी होते आणि ३१ मार्चच्या आत खर्च मागते. यावर माझ्याकडे उपाय नाही. पहिल्या टप्प्याला लोकवर्गणी वापरली, बाकीचं निधीतून केलं.

६. दरसूची वाचा

कंटाळवाणी आहे, तरी वाचा. सरकारी पैशाच्या कामात प्रत्येक गोष्ट दरसूचीतली बाब म्हणून इस्टिमेटमध्ये येते, मोजमाप पुस्तकात चढते आणि मग बिल निघतं. जी बाब सूचीत नाही तिचं रेट ॲनॅलिसिस जोडावं लागतं, आणि ते तपासायला जेईंकडे, म्हणजे कनिष्ठ अभियंत्यांकडे, वेळ नसतो. ते तुम्हीच करून न्या: माल किती, मजुरी किती, गाडीभाडं किती. आमच्या भागातले जेई याचे अजिबात विरोधक नव्हते. त्यांना फक्त उद्याच्या ऑडिटला दाखवायला कागद हवा होता.

७. बायकांशी पारावर बोलू नका

पारावर त्या येत नाहीत, आल्या तरी बोलत नाहीत. त्यांना निवडणं-टिपणं चाललेलं असताना गाठा. पुनर्वसनात इथे जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली गेली. त्यामुळे गावाची आखणी एकसारखी चौकोनी दिसली तरी कोण कुठल्या टोकाला राहतं हे जमिनीने ठरलेलं आहे. लहान घरांच्या रांगेतल्या बायकांना सभागृह चावडीजवळ नको होतं. तिथे जाताना डोक्यावरचा पदर सारखा करावा लागतो, असं एकीने सांगितलं. जुनी इमारत जिथे होती तिथेच बांधायचं असल्याने जागा बदलता आली नाही. निदान ओसरीचं तोंड चावडीकडे न ठेवता मागच्या बोळाकडे केलं.

त्यांच्याच बोलण्यातून आलेली आणखी एक गोष्ट: छताला एक मजबूत हूक. लहान मुलांचा वजनकाटा त्याला टांगायचा. आधी तो दाराच्या चौकटीला सुतळीने बांधत.

८. शीटवर झाडं कमी काढा

जे झाड साइटवर आहे तेवढंच. आमच्या जागेवर एक बाभूळ होती आणि एक कडुनिंब.

९. गवंड्याला नकाशा देण्याआधी त्याच्याकडून एक मीटर भिंत रचून घ्या

उभ्या विटांची भिंत कागदावर सुंदर दिसते. पण तिला विटा एकसारख्या लागतात, आणि तिथल्या भट्टीच्या विटा एक फुगलेली, एक खचलेली. मामांनी, म्हणजे आमच्या गवंड्यांनी, पहिला तुकडा रचला आणि म्हणाले, "ताई, पोकळीत चुना-सिमेंट पडतंय, मग वाचलं काय?" मग त्यांनीच फळीचा एक तुकडा कापून आणला. पोकळीवर ठेवायचा, माल ओढायचा, फळी उचलायची. माल आत पडत नाही. शिवाय विटा निवडण्याचं वेगळं काम सुरू केलं: सरळ विटा पोकळ भिंतीला, वाकड्या पायाच्या भरावाला आणि अर्ध्या खिडक्यांच्या कडांना. निवडायला दोन बाया जास्त लागल्या, त्यांची मजुरी धरूनही भिंत साध्या भिंतीपेक्षा स्वस्त पडली, फार नाही पण पडली.

विजेच्या पाइपांची जागा मात्र आधी ठरवून ठेवा. नंतर वायरमन येतो, छिन्नी लावतो आणि पोकळ वीट फोडून ठेवतो. मामांनी दोन ठिकाणी पाइप पोकळीतूनच वर नेले, तेव्हापासून त्यांच्या इतर कामांवरही तसंच करतात, असं परवा त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. त्यालाही आता साइटवर घेतात.